मग तेव्हा काय खायचे?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

निवृत्तीनंतरचं हे पहिलं वर्ष मी आपल्या बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घालवलं. लहानपणी तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला तू घाबरायचीस, आठवतं? वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून ती काच. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक हवं म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. त्या पुण्याईवर मी वर्षभर वाचत बसलो.

कादंबरी एकही घेतली नाही. मधमाश्या, मीठ, ग्रहतारे, जे हाती लागेल ते. समुद्रतळावरचं एक अर्ध्यात सोडलं.

आषाढी एकादशीला आई खिचडीची तयारी करत होती. पिकांच्या प्रवासावरचं पुस्तक मी नुकतंच संपवलं होतं. ओट्यावर पाहिलं तर भिजवलेला साबुदाणा, दाण्याचं कूट, हिरव्या मिरच्या, उकडलेले बटाटे. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका, आणि बाकीची तिन्ही, सगळी मुळात अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी यातलं काहीच इकडे नव्हतं. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळी एकादशीला ही खिचडी नव्हतीच! आईला सांगितलं. तिने हातातली मिरची खाली ठेवली आणि विचारलं, "मग तेव्हा काय खायचे?" मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' मात्र दोनदा वाचलं. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ मध्ये घरातून निघाला आणि थेट बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आला. सत्तावन्न म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोफा नि तलवारी यायच्या. आता खांद्यावर कावड घेतलेला, पायी चालणारा माणूस येतो.

मग व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरबद्दल वाचलं. १८४७ मध्ये त्याने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी कितीतरी नामवंत डॉक्टरांनी मानलं नाही. दोष आपल्याच हातांत असेल, हे त्यांना ऐकवेना.

तिथे मी थांबलो. बारावीनंतर तू इतिहास घेते म्हणालीस, तेव्हा "सनावळ्यांनी पोट भरत नाही" असं मी भरल्या ताटावर तुला सुनावलं होतं. तू अर्ध्या जेवणातून उठलीस. तू काय वाचतेस, त्यात तुला काय दिसतं, हे मी एकदाही विचारलं नाही. त्या विषयाचं एक पान न वाचता निकाल देऊन मोकळा झालो. आईने रात्री तुझ्या खोलीत दूधपोळी नेली, मी गेलो नाही. चुकलं माझं, मुक्ता. तू ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या अभ्यासातली दोन पुस्तकं माझ्यासाठी आण, जाडजूड असली तरी चालतील. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधून ठेव. ती दर एकादशीला विचारते.

तुझा,
बाबा