तालमीला हॉल तरी द्या

संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या पोरीच्या शाळेत गॅदरिंगसाठी नाटक बसवत होते, बाई रोज शाळा सुटल्यावर थांबायच्या आणि ऐनवेळी वरून निरोप आला, स्कॉलरशिपचे जादा तास आहेत, तालीम बंद करा. मग काय, पोरं आमच्या गच्चीवर आली, पुठ्ठ्याचं झाड माझ्या सायकलला बांधून तालीम सुरू. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक पोरगा सावकार झालेला, त्याला पंचा नेसवला तर म्हणतो, काकू, सावकार पंचा नेसतो व्हय? धोतर द्या की! एवढा विचार त्यानं गणिताच्या पेपरात तरी केला असेल का.

१८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर केलं म्हणून आपली सांगली नाट्यपंढरी, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला आपण हारतुरे करतो, २०२०चं शैक्षणिक धोरणसुद्धा म्हणतं की कला आणि अभ्यास वेगळे धरू नका, पण वेळ कमी पडला की पहिली कात्री नाटकालाच.

प्रयोग झाला, माईक दोनदा बंद पडला तरी पोरं थांबली नाहीत. पुढच्या वर्षी निदान शाळेचा हॉल तरी मिळावा, गच्चीवर फार ऊन लागतं.

– एक पालक, सांगली