बिलात लावलेले, पण न केलेले काम : जुन्या ट्रान्सीव्हरच्या दुरुस्तीबाबत तक्रार

नाशिक, दि. २ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बायस व न्यूट्रलायझेशन न करताच त्याचे पैसे आकारल्याबाबत

महोदय,

माझ्या वडिलांचा येसू एफटी-१०१ई हा १९७०च्या दशकातील ट्रान्सीव्हर (हौशी रेडिओवर संदेश पाठवणारा व घेणारा संच) मी मे महिन्यात नाशिकहून आपल्या दुरुस्ती केंद्राकडे पाठवला होता. त्याचे दोन्ही फायनल व्हॉल्व्ह (प्रक्षेपणाला शेवटची शक्ती देणाऱ्या निर्वात नळ्या) क्षीण झाले होते. बाकी सेट उत्तम चालत होता. व्हॉल्व्ह बदलणे, बायस लावणे (व्हॉल्व्हचा स्थिर करंट ठरवणे) आणि न्यूट्रलायझेशन करणे (व्हॉल्व्हच्या आतून होणारा नको असलेला फीडबॅक रद्द करणे) या कामांचे ९,४०० रुपये आपण बिलात लावले आणि मी ते आगाऊ भरले.

सेट परत आल्यावर मी तो अँटेनाला न जोडता आधी ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रोधावर) तपासला. या मॉडेलमध्ये ड्राइव्ह (व्हॉल्व्हला दिला जाणारा सिग्नल) नसताना फायनलचा प्लेट करंट ६० मिलिअँपिअर ठेवायचा असतो. मीटरवर तो ११० दिसला. सुमारे ६०० व्होल्टवर याचा अर्थ दोन व्हॉल्व्हमध्ये मिळून ६६ वॅट नुसती उष्णता असा होतो, आणि मिनिटभरातच एका व्हॉल्व्हची प्लेट लालसर होऊ लागल्याने मी सेट तत्काळ बंद केला. बायस मी स्वतः ६० वर आणल्यानंतर २८ मेगाहर्ट्झवर पाहिले, तर ट्यूनिंग करताना प्लेट करंट जिथे सर्वांत खाली येतो तिथे आउटपुट सर्वाधिक मिळण्याऐवजी ते बरेच बाजूला मिळत होते. न्यूट्रलायझेशन बिघडल्याची ही सरळ खूण आहे.

ते झालेच नाही, असे मी ठामपणे म्हणतो, कारण न्यूट्रलायझेशनच्या ट्रिमरचा (फिरवून जुळवायच्या छोट्या कपॅसिटरचा) स्क्रू हलला तर कळावे म्हणून वडिलांनी त्यावर लावलेला लाल रंगाचा ठिपका आजही जसाच्या तसा आहे. नवे व्हॉल्व्ह घातल्यावर ट्रिमरला हातही लागलेला नाही. त्यातही मूळ व्हॉल्व्ह एनईसी या जपानी कंपनीच्या बनावटीचे, ६जेएस६सी क्रमांकाचे होते आणि आपण मला न विचारता दुसऱ्या बनावटीचे घातले. क्रमांक तोच असला तरी आतील धारिता वेगळी असल्यामुळे या सेटमध्ये असे व्हॉल्व्ह न्यूट्रल करणे अवघड जाते आणि काही वेळा ट्रिमरसोबतचा कपॅसिटरही बदलावा लागतो, हे या सेटवर काम करणाऱ्याला माहीत असायला हवे. शिवाय रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) संपर्कांवर पॉलिश पेपर फिरवल्याचे ओरखडे आहेत. त्यांवरील मुलामा एकदा गेला की परत येत नाही, आणि हे काम मी सांगितलेलेही नव्हते.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर, ‘सेट जुना आहे, एवढे चालायचेच,’ असे उत्तर दिले. ते मला मान्य नाही. वडील दर रविवारी सकाळी सेट चालू करत, म्हणजे कपॅसिटर पडून राहून खराब होणार नाहीत आणि पावसाळ्यातील ओल आत धरणार नाही. प्रत्येक वेळचे रीडिंग ते वहीत लिहीत. आपल्याकडे सेट पाठवण्याच्या आदल्या दिवशीची, बायस ६० असल्याची नोंद माझ्या अक्षरात त्याच वहीत आहे. इतक्या निगुतीने सांभाळलेला सेट आपल्याकडून असा परत यावा, याचे मला अतिशय वाईट वाटले.

माझी मागणी अशी आहे की, बायस व न्यूट्रलायझेशनपोटी घेतलेली रक्कम आणि नव्या व्हॉल्व्हची किंमत परत करावी, माझे काढलेले एनईसीचे दोन्ही व्हॉल्व्ह जसे असतील तसे पाठवावेत आणि रिलेची भरपाई द्यावी. सेट पुन्हा आपल्याकडे पाठवण्याची माझी इच्छा नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी नाशिक येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. बिलाची प्रत, वहीतील संबंधित पान आणि ट्रिमरवरील ठिपक्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
(सही)
इंदिरानगर, नाशिक