भोगीचा वाटा आणि रिकामे ओटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या सदरात आमच्या गावच्या जुन्या बाजारगल्लीबद्दल एका वाचकांचं पत्र आलं होतं. एवढी मोठी मंडई बांधून दिली तरी भाजीवाल्या रस्ता सोडत नाहीत, त्यांच्यापायी रुग्णवाहिका अडकली, कचरा गटारात जातो, त्यांना एकदाचं उठवा, असा त्याचा सूर. पत्र वाचून मी गप्प बसले होते. पण त्यानंतर ऐन भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला अतिक्रमणाची गाडी गल्लीत शिरली आणि पाट्या, तागड्या, डालगी, होतं ते सगळं वर फेकून घेऊन गेली. आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. भोगीच्या आदल्या दिवशी या गल्लीत काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घेवडा, पावटा, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे, मटार, उसाची कांडकी, बोरं, सगळं थोडं थोडं एकत्र करून 'भोगीचा वाटा' लावलेला असतो. तो काट्यावर तोलत नाहीत. एका घरापुरती भाजी, एवढंच त्याचं माप. दोघंच राहणारे म्हातारा-म्हातारी असोत की एकटा खोलीवर राहणारा नोकरदार, पाव-पाव किलोच्या आठ भाज्या घेऊन करणार काय? त्यांच्यासाठी हा वाटा. शेजारी सुगडं, पलीकडे तीळ आणि बाजरीचं पीठ. यंदा माझ्या भोगीच्या भाजीत गाजर नि वांगंच होतं. घेवडा गाडीत गेला.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती कौतुक झालं! घेवड्याला मान मिळाला, तो विकणारीला मात्र बूड टेकायला हातभर जागा नाही.

त्या पत्रलेखकांनी विचारलंय, मंडईत का बसत नाहीत? मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. उत्तर ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, एवढं मुलांना सांगत आले. म्हणून जाऊन विचारलं. चाकवत, चुका, करडई, तांदुळजा अशा पालेभाज्या घेऊन बसणारी एक आक्का माझ्या ओळखीची आहे. ती म्हणाली, "बाई, वर चढून कोण येतंय? पयला मजला हाय त्यो. खाली समदं गाळं, मोबाईलवाल्यांचं नि कापडवाल्यांचं. दोन म्हयनं बसलो वर. सांच्याला निम्मी पेंडी वाळून जायची, भवानी व्हायची दुपारच्याला."

मग मी स्वतः वर जाऊन आले. ओटे छातीइतके उंच. बाईमाणसानं त्यावर चढून बसायचं कसं आणि उतरायचं कसं? पश्चिमेला भिंतच नाही, नुसती जाळी. त्यामुळे दुपारी तीननंतर सगळं ऊन मालावर. पालेभाजीवर शिंपडायला पाणी हवं, तर नळ खालच्या मजल्यावर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बायकांसाठी संडास-मुतारी नाही. आहे ती कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. पहाटे पाचच्या एस.टी.नं खेड्यातून येऊन संध्याकाळी सहापर्यंत बसणाऱ्या बाईनं काय करायचं? गल्लीत बसलं तर निदान मागच्या दोन-तीन घरांतल्या लोकांनी त्यांना आपला संडास वापरायची परवानगी दिलेली आहे. हे त्या पत्रात कुठे नव्हतं. मंडईच्या नकाशातही ते कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. एकाही माळवंवालीला, म्हणजे भाजीवालीला, न विचारता तो काढला, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

माझं माहेर पुण्याचं, शुक्रवार पेठेतलं. आईच्या हाताला धरून मंडईत जायचे. तिथेही पूर्वी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. १८८६ साली ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत झाली आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. गंमत अशी की महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव लागलं. ती मंडई मात्र चालली, कारण ती जमिनीवर होती. डोक्यावर पाटी घेतलेली बाई सरळ आत जाऊन बसायची आणि गिऱ्हाईक येता-जाता चालत आत शिरायचं. जिना चढून कोथिंबीर आणायला गेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

हे दयेवर सोडलेलं नाही, त्याला कायदाही आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण, ते पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. उठवायचंच तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी जागेवर द्यायची आणि नाशवंत माल मागायला गेल्याच्या दिवशीच परत करायचा. पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला तर त्यात वारशाचा दर्जा सांगितलाय. आमच्या गल्लीत बसणाऱ्या निम्म्या बायकांच्या सासवा तिथंच बसत होत्या, त्यामुळे पन्नास वर्षांचा हिशेब बोटांवर होतो. त्याच कायद्यानं नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतही एक तृतीयांश बायका हव्यात. आमच्याकडे ती समिती आहे का, हे मी कार्यालयात दोन वेळा जाऊन विचारलं. पहिल्यांदा साहेब साइटवर होते, दुसऱ्यांदा जेवायला.

आता त्या पत्रलेखकांचं जे बरोबर आहे तेही सांगते. रुग्णवाहिका अडकली होती हे खरं, मी तिथे होते. संध्याकाळी कोबीचा पाला नि सडके टोमॅटो गटारात जातात हेही खरं, आणि त्याबद्दल मी आक्कालाही बोलले आहे. पण ती रुग्णवाहिका पाट्यांनी अडवली नव्हती. पाटी दोन हातांनी उचलून मागे घेता येते आणि त्यांनी घेतलीही. हलेना ते दोन बुलेट आणि एक स्कूटर, मालक पलीकडे चहा पीत होते. या गल्लीत दुचाकीला बंदी केली, भिंतीकडेनं चुन्याची रेघ मारून रेघेच्या आत बसा असं सांगितलं आणि दुपारी ओल्या कचऱ्याची एक गाडी फिरवली, तर निम्मं भांडण मिटेल. मंडईतले खालचे गाळे माळव्याला आणि मोबाईल वर, हे जमलं तर उरलेलं निम्मंही. मोबाईल घ्यायला माणूस जिना चढतो. कोथिंबिरीला नाही.

या गल्लीत आम्ही नुसती भाजी घेत नाही. कुणाचं बाळंतपण कुठं अडलं, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुठल्या गिरणीवाल्यानं दर वाढवला, कुणाच्या घराला कुलूप आहे, ते सगळं इथंच कळतं. आम्ही जड पिशव्या आक्काच्या पाटीमागे ठेवतो आणि पुढची कामं करून येतो. घराची किल्लीसुद्धा तिच्याकडे ठेवून गेलेली माणसं मला माहीत आहेत. मेट्रिक मापं येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली तरी आम्ही 'पावशेर' मागतो आणि ती अडीचशे ग्रॅम देते. मूळ पावशेराच्या हिशेबानं ते जरा जास्तच होतं, तरी वर चार मिरच्या टाकतेच. दहा मिनिटांत भाजी घरी देणारे आमच्याकडे अजून पोचलेले नाहीत. पोचले तरी किल्ली त्यांच्याकडे कोण ठेवणार?

एक शेवटची विनंती. भोगीच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पिशवी आक्काच्या डालग्यामागे ठेवून पिठाच्या गिरणीत गेले होते. गाडीनं डालग्याबरोबर तीही नेली. निळी कापडी पिशवी आहे, तिच्यात दोन नारळ, अर्धा किलो तीळ आणि माझा चष्मा आहे. माल कुठल्या आवारात ठेवलाय हे अजून कुणी सांगितलेलं नाही. नारळ-तीळ राहू द्या, चष्मा तेवढा मिळावा. हे पत्र जुन्या चष्म्यानं लिहिलंय, अक्षर वेडंवाकडं असेल तर सांभाळून घ्यावं.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा