भाव आणि पैसे: बंड्यास पत्र

तासगाव,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "नव्या नोकरीला जाऊ का बेंगळुरूला?" आणि मी मोटर चालू करता करता म्हणालो, "जा की लेका बिनधास्त, बत्तीस लाख कोण सोडतंय!" फोन ठेवला, पाणी सोडलं, आणि बांधावर बसल्यावर वाटलं की आपण काय बोलून गेलो. दोन दिवस ते डोक्यात आहे. तेव्हा आधी एवढं कर, माझं ते 'बिनधास्त' परत दे. द्राक्षांच्या छाटणीला अजून दहा-अकरा दिवस आहेत, आज पावसानं काम बंद, म्हणून कागद घेऊन बसलोय. फोनवर आपण दोघंही ऐकत नाही, एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघतो.

तुला आठवतं का, कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला ऑक्सिजनवाला प्रीस्टली होता? 1772 साली त्या माणसाची अवस्था तुझ्यासारखीच झाली होती. लीड्सच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होता, पगार तुटपुंजा, नि लॉर्ड शेलबर्नकडून बोलावणं आलं: आमच्याकडे या, ग्रंथालय बघा, मुलांचं शिक्षण बघा. जावं की नाही? त्यानं बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं. फ्रँकलिननं सप्टेंबरात लंडनहून उत्तर लिहिलं, त्याचा मतलब असा: तुझी सगळी परिस्थिती मला माहीत नाही, तेव्हा काय ठरवावं ते सांगत नाही, पण कसं ठरवावं ते सांगतो. अर्ध्या कागदावर मधोमध रेघ मारायची. एकीकडे बाजूची कारणं, एकीकडे विरोधातली. तीन-चार दिवस जसं सुचेल तसं लिहीत जायचं, कारण सगळी कारणं एकाच वेळी डोक्यात हजर नसतात. आज एक टोळी येते, उद्या दुसरी. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडत जायची. एकाला एक, कधी दोनाला तीन. शेवटी उरेल ते बघायचं.

प्रीस्टली गेला. दोन वर्षांनी शेलबर्नच्याच वाड्यातल्या प्रयोगशाळेत त्यानं ऑक्सिजन वेगळा केला. म्हणून तूही जा, असं मी म्हणत नाही हां. गेलेल्यातल्या ज्याला ऑक्सिजन सापडतो त्याचंच नाव आपण तासाला शिकतो. तू म्हणालास, "आमच्यातले तिकडं गेलेले सगळे खूश आहेत." जे सहा महिन्यांत परत आले त्यांनी फोटो टाकले नसतील एवढंच. आमच्याकडेही नवा माणूस द्राक्षबाग लावायची म्हणतो तेव्हा रस्त्याकडेचे बंगले मोजतो. बाग तोडून पुन्हा ज्वारी पेरली त्यांची रानं मोजायला कोणी जात नाही.

आता तुझे आकडे. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून नाही, माझ्या जखमेवरून सांगतोय.

पाच-सहा वर्षांपूर्वी बाग चांगली आली होती. गावातला नेहमीचा व्यापारी चार किलोला 175 रुपये देत होता, माल उचलला की पैसे. बाहेरचा एक आला, गाडी चकचकीत, बोलणं गोड, म्हणाला 190. मी 190 ला दिली. पहिल्या गाडीचे पैसे वेळेवर, दुसऱ्या गाडीचे निम्मे, तिसऱ्या गाडीचे अजून यायचेत. फोन बंद. हिशोब कर, तीन गाड्यांतून दीड गाडीचे पैसे हातात पडले, म्हणजे चार किलोला 95. आण्णा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "भाव मिळाला तुला, पैसे मिळाले नाहीत." त्यांनी रागावून शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझे बत्तीस लाख हा भाव आहे. त्यातले 5 लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि साहेबाचं वर्ष बरं गेलं तर. ती तिसरी गाडी समज. 2 लाख जॉइनिंग बोनस, तो पहिल्याच वर्षाचा, आणि वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचा. खात्रीचे राहिले 25. पुण्याचं घर तुझं स्वतःचं, कर्ज फिटलेलं, आणि काकू तिथून हलणार नाहीत म्हणजे ते भाड्यानं जाणार नाही. बेंगळुरूत तूच सांगितलेलं भाडं 35 हजार, वर्षाचे 4 लाख 20 हजार. उरले 20 लाख 80 हजार. आज तुला 24 पैकी खात्रीचे 22 मिळतात. कर, शाळेची फी, महिन्यातून दोनदा पुण्याला यायचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. माझं काही चुकत असेल तर सांग, पण मला तरी यात आठ लाखांची वाढ कुठे दिसत नाही.

आणखी एक. तुला सध्याच्या कंपनीत जानेवारीच्या 17 तारखेला पाच वर्षं पुरी होतात ना? परवा 1 ऑक्टोबरला राजीनामा टाकलास तर 90 दिवसांचा नोटिस पिरियड डिसेंबरअखेर संपतो. सतरा-अठरा दिवसांसाठी ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षांनंतर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, गेली. बेसिक 60 हजार धरलं तर 60,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, सुमारे 1 लाख 73 हजार. चार वर्षं दोनशेचाळीस दिवसांवरही मिळते म्हणतात, तसे काही निकालही आहेत, पण त्यासाठी अर्ज-विनंत्या करत हिंडण्यापेक्षा नवीन लोकांना "मी जानेवारीअखेर येतो" म्हणणं सोपं. त्यांना महिना उशीर म्हणजे फार मोठं नुकसान नाही, तुला पावणेदोन लाख. बोलण्यात अशाच जागा शोधायच्या असतात, जिथे त्यांचं थोडं जातं नि आपल्याला बरंच मिळतं. पगाराच्या आकड्यावर मात्र दोघांचा एकच दोर असतो, तिथे ओढाताणच.

ओढाताणीचंही सांगतो. त्या फसवणुकीनंतरच्या साली मी शहाणा झालो होतो, निदान थोडा. व्यापारी बागेत यायच्या आधी घरी बसून हिशोब केला. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. बेदाण्याला किलोला 170 धरले. द्राक्षं वाळवायच्या शेडचं भाडं, त्याआधी ती बुडवायचं डिपिंगचं तेल, मजुरी, कोल्ड स्टोरेज, अडत असे 40 वजा केले. राहिले 130. म्हणजे चार किलोला 130 च्या खाली कोणी मागितलं तर मी बेदाणा टाकणार. नुसतं म्हणणार नाही, खरंच टाकणार. शेडवाल्याला दोन हजार इसार देऊन आलो होतो. आता हे सगळं नसतं तर काय झालं असतं बघ. व्यापारी आला, एक घड तोडून तोंडात टाकला नि म्हणाला, "यंदा उठावच नाही दादा. 120." तो आकडा एकदा हवेत सुटला की आपलं डोकं त्याच्याभोवतीच फिरायला लागतं. 135 वर ओढून आणलं असतं आणि जिंकल्यासारखा घरी आलो असतो.

ही आपल्या एकट्याची खोड नाही. काहनेमन आणि ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक गंमत छापली होती. लोकांसमोर एक आकड्यांचं चाक फिरवायचं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चाक 10 वर थांबलेलं बघणाऱ्यांचा मधला अंदाज 25, आणि 65 बघणाऱ्यांचा 45. चाकाचा नि आफ्रिकेचा काय संबंध? काही नाही. तरी ओढलंच.

तुझ्याबाबतीत ते चाक म्हणजे एचआरचा पहिला प्रश्न: "सध्याचा सीटीसी किती?" म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज. तू 24 सांगून बसलास, तेव्हा पुढचं सगळं 24 ला खुंटा धरून चाललंय. आता ते मागे घेता येत नाही, पण नवा खुंटा ठोकता येतो. "खात्रीच्या पगारात भाडं धरून माझं नुकसान होतंय, हा बघा हिशोब," असं म्हण. आकड्याला कारण चिकटवलेलं असलं की समोरच्यालाही तो वर घेऊन जाता येतो. एचआरच्या त्या मुलीच्या हातात काही नसतं रे, तिलाही तिच्या साहेबाला काहीतरी दाखवायचं असतं.

हो, माझ्या बागेचं राहिलं. मी म्हणालो, "राहू दे मग, शेड ठरवलंय." आवाज चढवला नाही, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो हजर, 165, रोख. बोलण्यात मी त्याच्या पासंगालाही पुरत नाही; ते काम शेडनं केलं. तर तुझा शेड कुठला? मला विचारशील तर तुझी आत्ताची नोकरी हाच तुझा शेड आहे, आणि चांगला पक्का आहे. तू मात्र फोनवर असा बोलत होतास जसं काही शुक्रवारी ऑफरची मुदत संपली की रस्त्यावर येणार आहेस.

जायचंच का आहे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पैशाबद्दल तू पाच मिनिटं बोललास नि त्या नव्या मॅनेजरबद्दल पंचवीस. आमच्या विहिरीवर दोन वर्षं भांडण चाललं होतं, चुलत्याचं नि आमचं. चार दिवस तुमचे, चार दिवस आमचे, कधी त्यांनी पाचवा दिवस खाल्ला, कधी आम्ही. भाऊबंदकी म्हटल्यावर शब्दाला शब्द वाढणारच. एकदा माझ्या बायकोनं चुलतीला सहज विचारलं की तुम्हाला नक्की पाणी लागतं कसं. त्यांचा ऊस, पाट भरून, पण आठवड्यातून एकदा. आमची बाग ठिबकवर, रोज दोन तास पुरे. आता आम्ही रोज दोन तास घेतो, बाकी सगळं त्यांचं. दोन वर्षं आम्ही दिवस मोजत होतो, पाणी कोणी मोजलंच नाही. मॅनेजर बदलायचा असेल तर त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जाता येतं का, हे विचारलंस का? आणि नव्या लोकांना तू बेंगळुरूत रोज हवास की महिन्यातले दहा दिवस चालेल, हे तरी?

विचारताना एक पथ्य पाळ, मेलवर दहा जणांना सीसी करून विचारू नकोस. आमचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेला खिलार बैल घ्यायला जायचे. उपरण्याखाली हातात हात, बोटं दाबून भाव. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा दोघांतच. म्हणून कोणालाही खाली यायला लाज वाटायची नाही. तूही आधी फोन कर, ठरलं की मग मेल.

तू म्हणालास ना, "पाच फेऱ्या इंटरव्ह्यू दिले, रजा घालवल्या, आता नाही कसं म्हणू?" ते वाक्य ऐकून मला माझा बोअर आठवला. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून दाखवला, तीनशे फुटांवर पाणी म्हणाला. तीनशेला फुफाटा. गाडीवाला म्हणाला, एवढं गेलंय तर अजून शंभर. मग अजून शंभर. खाली जाईल तसा फुटाचा दर वाढतो, हे मला माहीत होतं. साडेसहाशेला थांबलो, तेही पैसे संपले म्हणून, अक्कल आली म्हणून नव्हे. तीनशेवर प्रश्न एकच होता: आता खिशात उरलेत त्यांचं काय करायचं? मी मात्र मातीत गेलेल्या पैशांचीच कीव करत बसलो. हल्ली कुठे थांबायचं ते मी गाडी रानात यायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतो. हिला वाटतं मला वेड लागलंय.

अजून एक खेळ, तू आणि वहिनी मिळून करा. गॅरी क्लाइन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सुचवलेला. समजा पुढचा सप्टेंबर आलाय, तू बेंगळुरूला गेलास आणि सगळं फसलंय. का फसलं, ते दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता लिहायचं. 'फसेल का?' असं विचारलं तर माणूस स्वतःची समजूत काढतो. 'फसलंय, का?' म्हटलं की खरी कारणं बाहेर पडतात. मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, "माणूस जिता असताना दहावा घालतोस होय रे!" पण तिनंच मग बेदाण्याच्या शेडचा पत्रा वाऱ्यानं उडेल असं सांगितलं, आणि तो मी बांधून घेतला. तुमच्या कागदावर पोरीची दहावी आणि काकूंचे गुडघे येतील असं मला वाटतं. की नाही येणार, बघू.

तेव्हा उद्या पहिलं काम, शुक्रवारची मुदत पुढच्या बुधवारवर ढकलून घे. "घरच्यांशी बोलायचंय" एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे. पाच दिवसांच्या मुदतीवर रागावून ऑफर मागे घेणारी कंपनी असेल, तर तेही कागदावर लिही, कुठल्या बाजूला ते तुला कळेल. कागदाचा फोटो मला पाठव. मी काट मारणार नाही, फक्त वाचीन, आणि बेरीज चुकली असेल तर सांगेन.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्यासाठी दोन किलो बेदाणा बाजूला ठेवलाय, या खेपेचा हिरवा चांगला उतरलाय. छाटणी 10 तारखेला सुरू होते, त्याच्या आत एक रविवार आलास तर बरं, नंतर मला मान वर करायला सवड नसते.

तुझा,
द्राक्षवाला