लोखंडी साखळी बदलायची नाही

इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

खिशातल्या घड्याळाचे फोटो मिळाले. साखळी दरिद्री दिसते, सराफ्यातून सोन्याची करून पाठवा म्हणतेस. मुळीच नाही. तिच्यावर जर्मन अक्षरांत काय कोरलंय बघ: ‘सोनं दिलं, लोखंड घेतलं’. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी प्रशिया या जर्मन राज्यातल्या बायकांनी दागिने देऊन लोखंडाचे घेतले. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियात तेच पुन्हा झालं, त्यात घड्याळांच्या सोनसाखळ्याही गेल्या. अक्षरं नसती तर मी इतकं ठाम बोललो नसतो. काळ्या पोलादाच्या साध्या साखळ्या तेव्हा बाजारात सर्रास मिळत.

गंज दिसला म्हणून चिंच-लिंबू लावू नकोस, घासूही नकोस. वरचा काळा थर गेला की परत येत नाही. साखळी घड्याळापासून सोडव, फडक्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब लावून पूस, मग कोरड्या फडक्यानं तेल टिपून घे. तेल घड्याळाच्या मशीनमध्ये गेलं तर धूळ धरतं.

आता केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी. सोनेरी दिसते एवढ्यावर जाऊ नकोस. प्रत्येक झाकणाच्या आतला शिक्का वेगळा बघ, कारण आतलं धूळझाकण बऱ्याचदा पितळेचं असतं. स्विस केसवर बाईचं डोकं म्हणजे १८ कॅरेट, खार म्हणजे १४. जर्मन सोन्यावर सूर्याच्या वर्तुळात मुकुट असतो. (१४ कॅरेट म्हटलं की इथल्या जुन्या सराफांना १९६३चं सुवर्ण नियंत्रण आठवतं, तेव्हा १४ कॅरेटवरचे दागिने घडवायला बंदी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, चीन युद्धात, लोकांनी संरक्षण निधीला दागिने दिले होते.)

वजन करायचंच तर मशीन, काच आणि झाकणाची पोलादी स्प्रिंग काढल्यावर. १४ कॅरेटची ३० ग्रॅम केस म्हणजे शुद्ध सोनं साडेसतरा ग्रॅमच. पण मशीन तू उतरवू नकोस. चावीच्या स्प्रिंगचा ताण आधी सोडावा लागतो. तो एकदम सुटला तर चाकाचे दात मोडतात.

तोवर चावीही देऊ नकोस. वाळलेल्या तेलावर चालवलं की चाकांचे आस झिजतात. आधी सफाई, मग चावी. आणि झाकण मिटताना वरचं बटण दाबून धर, नाहीतर खटका झिजून पुढे ते बंदच राहत नाही.

घड्याळजीकडे देताना साखळी घरीच ठेव. तोही चकचकीत करून देईल.

तुझे बाबा