दिल्लीचा थांबा राहून गेला

युद्धात हरलेल्या देशांच्या खेळातील पुनरागमनावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. जर्मनी आणि जपान यांना 1948 च्या लंडन ऑलिम्पिकचे आमंत्रण नव्हते आणि ते 1952 मध्ये हेलसिंकीत परतले, हे खरेच. पण ‘बंदीची मुदत संपली, देश परतले’ हा लेखाचा सूर पटला नाही. मुदत कसली? इटलीही हिटलरच्याच बाजूने युद्धात उतरली होती, तरी 1948 मध्ये तिचे खेळाडू लंडनमध्ये होते. दार कधी उघडायचे, हे आमंत्रण देणाऱ्यावरच ठरत होते.

याचा उत्तम दाखला आपल्याच देशात आहे आणि नेमका तोच लेखात नाही. मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा जपानशी शांतता करारावर सह्याही झाल्या नव्हत्या. तरी जपान आला, 24 सुवर्णपदके घेऊन गेला. यजमान भारताला 15 मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबईत हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन टेबल टेनिसचा जगज्जेता झाला. 1936 मध्ये बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्या चमूची आठवण आमच्या अमरावतीकडे आजही अभिमानाने निघते. दिल्लीची ही आठवण मात्र कुणी काढत नाही.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ