कायानीतल्या घराविषयी

देवरुख

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू तिकडे फिनलंडमध्ये, कायानीत घर घेत असल्याचे सांगितलेस आणि मी काही न बोलता फोन बाबांकडे दिला. तुला ते लागले असणार. परंतु फोनवर मला मुद्दे धड मांडता येत नाहीत, आणि दोन वाक्ये झाली की तू ‘आई, घाबरू नकोस’ म्हणून विषय मिटवतेस. म्हणून हे पत्र.

तुझ्या परिचारिकेच्या नोकरीबद्दल मला काही म्हणायचे नाही. पंधरा विभक्तींची फिन्निश भाषा शिकून तू परीक्षा उतरलीस, हे मी आळीत इतक्या वेळा सांगितले आहे की हल्ली कुलकर्णीवहिनी मला पाहून विषय बदलतात. माझे म्हणणे फक्त घराविषयी आहे.

फिनलंडची लोकसंख्या 56 लाखांच्या घरात आहे आणि ती अजून वाढते आहे, एवढे ऐकून तू निश्चिंत आहेस. पण ती कशाने वाढते ते पाहा. 2016 पासून तिथे दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होतात. वाढ होते ती बाहेरून येणाऱ्यांमुळे, म्हणजे तुमच्यासारख्यांमुळे. युद्ध संपल्यावर 1946 ते 1949 या काळात त्या देशात दरवर्षी लाखावर मुले जन्मली, तर 2023 मध्ये 44 हजारही नाहीत. 2010 मध्ये एका स्त्रीमागे 1.87 मुले हे प्रमाण होते, ते तेरा वर्षांत 1.26 वर आले. युद्धानंतरची ती लाख-लाख मुले आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि तुझ्या वॉर्डात आहेत. तुला काम त्यांच्यामुळे आहे, हे मला समजते.

मात्र बाहेरून आलेले लोक वस्ती करतात ती मुख्यतः हेलसिंकी, एस्पो, वांता, तांपेरे, तुर्कू अशा दक्षिणेकडच्या शहरांत. हेलसिंकीच्या एकट्या उसिमा प्रांतात देशाची जवळजवळ तिसरा हिस्सा माणसे आहेत. कायानी ज्यात येते त्या तुमच्या काइनू प्रांताची जमीन आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सुमारे अडीचपट, आणि माणसे सत्तर हजारांच्या आसपास. पुओलांकाच्या वाटेवरचा तो फोटो तू हसण्यासाठी पाठवला होतास, ‘पुढे पुओलांका आहे, अजून माघारी वळता येईल’ अशा अर्थाच्या पाटीचा. ओसरत चाललेल्या गावाने स्वतःचीच थट्टा मांडावी, हे मलाही आवडले. पण त्याच गावापासून गाडीने तासा-दीड तासावर तू घर घेणार, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

असे जिल्हे मी पाहिले आहेत, नव्हे मोजले आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र वाढला आणि रत्नागिरी जिल्हा सुमारे 82 हजारांनी घटला. त्या वेळी मी प्रगणक होते. वाडीमागून वाडी हिंडताना मी घरांवर गेरूने क्रमांक घालत होते आणि त्यांतल्या कितीतरी दारांना कुलूप होते. ती गरिबांची घरे नव्हती. गिरणीतल्या पगारातून चिरा चिरा जोडून बांधलेली, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी घरे होती. नानांच्या घराचे काय झाले ते तू जाणतेस. त्यांनी आयुष्यभराची पुंजी त्यात घातली, आणि विकायची वेळ आली तेव्हा जे गिऱ्हाईक आले त्याला फक्त कौले आणि सागाचे वासे हवे होते. नाना त्या दिवशी ओटीवर बसून गिऱ्हाइकाला चहा विचारत राहिले. असो, मी कुठून कुठे गेले.

घराकडे वळते. फ्लॅट घेणार असशील तर तिथे तू गृहसंस्थेचे शेअर घेतेस, आणि संस्थेच्या कर्जाचा तुझ्या वाट्याचा भागही तुझ्याकडे येतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींचे नळ आणि मलवाहिन्या बदलण्याची पाळी येते तेव्हा खर्च प्रचंड होतो, आणि जिथे घरांना भाव उरलेला नाही तिथे बँका संस्थेला त्यासाठी कर्ज द्यायला कचरतात. ते काम झाले आहे का, हे लेखी विचारून घे. अंगणाचे घर घेणार असशील तर जमीन आली, आणि युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला त्यासाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. तिचा अर्ज केला आहेस का?

सर्वांत मोठी गोष्ट तिथे राहण्याच्या परवान्याची. गेल्या वर्षी, 2025 च्या जूनपासून, नोकरी सुटली की बहुतेकांना तीन महिन्यांत दुसरी शोधावी लागते. तुझी नोकरी ज्या कल्याणक्षेत्राकडे, म्हणजे आरोग्य आणि समाजसेवा चालवणाऱ्या प्रादेशिक संस्थेकडे आहे, तशी क्षेत्रे 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पैशांच्या ओढाताणीत आहेत आणि देशभर त्यांनी कर्मचारी कमी केले आहेत. म्हातारी माणसे वाढली म्हणून परिचारिकांना धोका नाही, हे तुझे म्हणणे अर्धेच खरे आहे. म्हातारी माणसे असतात तिथे कर भरणारे हात कमी असतात. परवाना तीन महिन्यांत जाऊ शकतो, मुक्ता. काइनूतले घर तीन महिन्यांत विकले जात नाही.

मी वर्गात शिकवल्यासारखे लिहिते आहे, याची मला कल्पना आहे. राग मानू नकोस.

तुझी ती 92 वर्षांच्या आजींची गोष्ट मी विसरलेली नाही. 1970 मध्ये स्वीडनला गेलेल्या धाकट्या बहिणीच्या नावाने त्या तुला हाक मारतात, आणि तूही ओ देतेस. 1969 आणि 1970 या दोन वर्षांत सुमारे ऐंशी हजार फिन्निश माणसे कामासाठी स्वीडनला गेली, इतकी की देशाची लोकसंख्या चक्क घटली. पूर्वेची आणि उत्तरेची लहान शेते तेव्हाच ओस पडू लागली. कायानीचा कागद कारखाना 2008 मध्ये बंद झाला. त्या जागी आज महासंगणक आहे, याचा जावईबापूंना मोठा अभिमान, पण महासंगणकाला माणसे थोडी लागतात. गेलेल्यांच्या जागी तू उभी आहेस, हे मला कळते. तू परक्या आयांना हात धरून उठवतेस, आणि इथे बाबांना जिना उतरताना माझा खांदा धरावा लागतो. हे मी लिहिणार नव्हते. तिथल्या कायद्यात सज्ञान मुलांचे आईवडील कुटुंबात धरत नाहीत, तेव्हा आम्ही तिकडे येऊन राहण्याचा प्रश्नच नाही, आणि तू परत यावेस असे मी म्हणतही नाही.

घ्यायचेच असेल तर कायानी शहरातच घे, इस्पितळ आणि ईराची शाळा पायी गाठता येईल असे. शाळांची पटसंख्या घटली की आधी आडगावच्या शाळा बंद होतात, ते मी नोकरीत पाहिले आहे. दोन वर्षांच्या भाड्याएवढी रक्कम बाजूला ठेव आणि तिला हात लावू नकोस. बँकेने किती टक्के कर्ज मंजूर केले ते कळव; बँक हात आखडता घेत असेल तर तिलाही माझ्यासारखीच भीती वाटते आहे, असे समज.

गृहसंस्थेचे कागद आले की फोटो काढून पाठव, भाषेचे मी पाहून घेईन. बाबांचा कौल तुझ्या बाजूने आहे. ते मी सांगणार नव्हते, पण तू त्यांच्याकडून काढून घेशीलच.

तुझी,
आई